वजनकाटा, कुस्तीगीर आणि आपली स्वेदनपेटी

आंतरविद्यापीठ कुस्ती स्पर्धांचे दिवस जवळ आले की दक्षिण महाराष्ट्रातील वैद्यांच्या दवाखान्यांत एक वेगळ्या प्रकारचा रुग्ण दिसू लागतो. खरे पाहता तो रुग्ण नसतोच. वय एकोणीस-वीस, मान भरलेली, कान दबून गाठाळलेले, नाडी बलवान, जिव्हा निराम, अग्नी प्रखर. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तो पहिला आलेला असतो, विद्यापीठाच्या संघात त्याचे नाव लागलेले असते, अखिल भारतीय स्पर्धेसाठी निघावयास चार दिवस उरलेले असतात आणि ज्या वजनगटात निवड झाली त्याहून त्याचे वजन तीन-साडेतीन किलो अधिक भरत असते. "डॉक्टर, पंचकर्म करून तेवढं उतरवून द्या," एवढीच त्याची मागणी असते. सोबत वस्ताद असतात, क्वचित वडील असतात. राष्ट्रीय स्पर्धेचे प्रमाणपत्र, सवलतीचे गुण, पुढे खेळाडूंच्या राखीव जागेतून मिळू शकणारी नोकरी, हे सारे त्या तीन किलोंवर अडलेले असते.

या मागणीला आपण वैद्य काय उत्तर देतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी होकार दिलेला आहे. मीही एकदा दिला होता, आणि तो प्रसंग आधी सांगितल्याशिवाय इतरांना काही सांगण्याचा मला अधिकार नाही.

२०११ सालची गोष्ट. व्यवसाय सुरू करून थोडीच वर्षे झाली होती आणि नवी बाष्पस्वेदन पेटी नुकतीच घेतली होती. ६६ किलो गटात निवडलेला एक विद्यार्थी आला, त्याचे वजन ६९ किलोंच्या वर होते. मी त्याला दोन दिवस केवळ पेयावर ठेवले, सकाळ-संध्याकाळ पेटीत बसविले आणि स्नेहपान वगैरे काहीही न करता निशोत्तराचे रेचक दिले. त्या काळी वजन स्पर्धेच्या आदल्या सायंकाळी होत असे. वजन बरोबर भरल्याचा दूरध्वनी आला तेव्हा दवाखान्यात पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच कुस्तीच्या उत्तरार्धात त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. तो उभा राहू शकला नाही, हरला. सायंकाळी वांत्या आणि भोवळ, म्हणून परक्या गावातील रुग्णालयात शिरेवाटे सलाईन लावावे लागले. परत आल्यावर तो माझ्या पाया पडला. वजन भरले म्हणून त्याने माझे आभार मानले. हरण्याचे खापर तो स्वतःच्या नशिबावर फोडत होता, आणि मी त्याला काही बोललो नाही.

महाविद्यालयीन कुस्तीतील या प्रकाराची मोठी किंमत अमेरिकेने मोजली आहे. तेथेही विद्यार्थी मल्लांना विभागवार स्पर्धांतून राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी पात्र ठरावे लागते आणि तेथेही वजनगट हीच पहिली कसोटी असते. १९९७ साली ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर या जेमतेम महिन्याभरात नॉर्थ कॅरोलिना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या तीन राज्यांतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरविताना मृत्युमुखी पडले. वये अनुक्रमे १९, २२ आणि २१. तिघांनीही वाफ बाहेर न सोडणारा रबरी पोशाख अंगात घालून उष्ण जागी व्यायाम केला होता, आणि तिघांनीही पाणी तोडले होते. पहिला मुलगा बारा तासांत पंधरा पौंड, म्हणजे जवळपास सात किलो, उतरविण्याच्या प्रयत्नात होता. कोणताही रोग नसलेली, बलवान अशी ही मुले होती.

त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने, म्हणजे एन.सी.ए.ए.ने, १९९८ च्या जानेवारीतच नियम पालटले. वजनगटांना त्या हंगामापुरती सात पौंडांची सवलत दिली, वजन कुस्तीच्या अगदी अगोदर घेण्याचे ठरविले आणि काही साधनांवर सरसकट बंदी घातली. ती यादी वैद्यांनी काळजीपूर्वक वाचावी अशी आहे. रबरी पोशाख, उष्ण खोल्या, उष्ण पेट्या, सॉना, वाफेच्या खोल्या, मूत्रल औषधे, रेचके, वामके, अन्नपाण्याचा अतिरेकी त्याग. स्वेद, विरेचन, वमन, लंघन! आपल्या पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिकाच जणू समोर यावी. या बंदीने आयुर्वेदाचा अपमान झाला असे कोणास वाटू नये. तेथे कोणी शोधन करीत नव्हते. शोधनाची बाह्य साधने तेवढी वापरली जात होती, आणि आपल्याकडे निवडीनंतरच्या चार दिवसांत आपण जे करतो तेही त्याहून वेगळे नसते.

पुढच्या हंगामापासून तेथे आणखी एक पद्धत आली. वर्षाच्या आरंभीच प्रत्येक मल्लाची तपासणी होते. आधी मूत्राची विशिष्ट घनता पाहतात, ती १.०२० पेक्षा अधिक असेल तर मुलगा शुष्क आहे असे समजून त्याचे वजन ग्राह्य धरीत नाहीत. नंतर मेदाचे प्रमाण मोजतात. शरीरात किमान पाच टक्के मेद राहील आणि आठवड्याला दीड टक्क्याहून अधिक वजन घटणार नाही, अशा हिशेबाने त्याचा किमान वजनगट ठरवितात. त्या खाली त्याला हंगामभर उतरता येत नाही. अष्टविध परीक्षेत मूत्रपरीक्षा पाठ करून परीक्षेत गुण मिळविलेल्या आपण मंडळींनी पेटीत बसविण्यापूर्वी किती कुस्तीगिरांचे मूत्र पाहिले आहे, हे ज्याचे त्याने आठवावे.

आता शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या स्वेदाध्यायात ज्यांना स्वेदन देऊ नये अशांची जी गणना केली आहे, तीत थकलेला, तहानलेला, भुकेलेला, दुर्बल, अत्यंत सुकलेला आणि ओज क्षीण झालेला मनुष्य येतो. निवडीनंतर दोन वेळची मेहनत चालू ठेवून ज्याने भाकरी आणि पाणी तोडले आहे असा पैलवान या वर्णनापेक्षा वेगळा कोठे आहे? तो बलवान दिसतो म्हणून आपण फसतो. दवाखान्यात शिरतो त्या क्षणी तो बलवान नसतो. श्रांत, तृषित आणि क्षुधित या तीन निषेधांचा तो एकत्रित धनी असतो.

अतिस्वेदनाची लक्षणे त्याच अध्यायात आहेत: पित्तप्रकोप, मूर्च्छा, अंगसाद, तृष्णा, दाह, स्वर आणि अंगांचे दौर्बल्य. २०११ च्या त्या मुलाची रुग्णपत्रिका कोणी मला आज लिहावयास सांगितली तर याहून वेगळे शब्द लागणार नाहीत. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते तेथील उपचारसूत्र. अतिस्विन्नावर ग्रीष्म ऋतूची चर्या योजावी, मधुर, स्निग्ध, शीत असा विधी करावा, असे आचार्य सांगतात. आणि ग्रीष्मचर्येत व्यायाम वर्ज्य आहे. म्हणजे ज्याला वाफेने सुकविले, त्याला शास्त्राप्रमाणे विश्रांती हवी, आणि आपण मात्र त्याला दुसऱ्या दिवशी गादीवर उभा करतो, तेही अर्धशक्ती व्यायामासाठी नव्हे, तर सर्वशक्तीने लढण्यासाठी.

काही वैद्यमित्र यावर म्हणतात की स्वेद हा मेदाचा मल, म्हणून घाम काढला की मेद घटतो. हा युक्तिवाद ऐकावयास शास्त्रीय वाटतो, पण तो टिकत नाही. मल बाहेर पडला म्हणून धातू घटतो असे मानले तर मलप्रवृत्ती होणारा प्रत्येक मनुष्य कृश व्हावयास हवा. शारीरस्थानात उदकाचे प्रमाण दहा अंजली सांगताना चरकाचार्यांनी स्पष्ट केले आहे की हेच उदक उष्म्याबरोबर रोमकूपांवाटे बाहेर पडते तेव्हा त्याला स्वेद ही संज्ञा मिळते. पेटीतून बाहेर पडल्यावर काट्यावर जे दीड-दोन किलो कमी दिसतात, ते त्या दहा अंजलींतले आहेत. मेदाचा त्यात नाव घेण्याजोगा अंश नसतो. जिभेचा, ताळूचा, ओठांचा शोष आणि न शमणारी तृष्णा ही उदकवह स्रोतसाच्या दुष्टीची लक्षणे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. ती पाहण्यासाठी रुग्णालयात जाण्याची आवश्यकता नाही, वजनाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांची तोंडे पाहावीत.

विरेचनाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. दीपन-पाचन, तीन ते सात दिवसांचे स्नेहपान, अभ्यंग-स्वेद, प्रत्यक्ष शोधन आणि त्यानंतर शुद्धीनुसार तीन, पाच किंवा सात दिवसांचा संसर्जनक्रम असा सारा विधी दोन-तीन आठवड्यांखाली होत नाही. अग्नी मंद असलेल्या संसर्जनाच्या काळात मनुष्याला कुस्ती खेळावयास पाठविण्याचा विचारही आपल्या आचार्यांच्या मनात आला नसता. रूक्ष शरीराला दिलेला रेच म्हणजे केवळ जुलाब. त्याला पंचकर्म म्हणू नये.

"आम्ही नाही म्हटले तर मुले रबरी जॅकेट घालून भर उन्हात पळतील, किंवा औषधाच्या दुकानातून लघवीची गोळी आणून खातील. त्यापेक्षा आमच्या देखरेखीखाली झालेले बरे." हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो मांडणारे माझे स्नेही सद्हेतूने मांडतात. रबरी जॅकेट धोकादायक आहे हे वर आलेच आहे. पण आपली देखरेख पेटीच्या झाकणापुरती असते. आपण दीड किलो उतरवून दिल्यावर उरलेले दोन किलो तो रात्री खोलीवर कसे उतरवितो, हे आपणांस ठाऊक नसते, आणि आपण सुकवून पाठविलेल्या शरीरावर तो ते प्रयोग करीत असतो. शिवाय वैद्याने हात लावला की त्या कृतीला एक प्रतिष्ठा मिळते. वस्ताद पुढच्या वर्षी चार मुले घेऊन येतात. आणि स्पष्टच बोलावयाचे तर हंगामात या बसण्यांचे पैसेही मिळतात. 'खेळाडूंसाठी विशेष पंचकर्म' अशा पाट्या मी पाहिल्या आहेत. त्या पाट्यांमागे देखरेखीची तळमळ किती आणि रिकाम्या पेटीची चिंता किती, याचा निवाडा मी करीत नाही.

लघवीच्या गोळीवरून एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. फ्युरोसेमाइडसारखी मूत्रल औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहेत. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याच्या कक्षेत खेळाडूंबरोबरच त्यांना साहाय्य करणारी मंडळीही येतात, आणि औषध देणारा वैद्य त्यांतून सुटत नाही. आपल्या बलेत अल्प प्रमाणात एफेड्रीन असते, आणि एफेड्रीन मूत्रात ठरावीक मर्यादेपलीकडे आढळले तर स्पर्धाकाळात दोष धरला जातो. नावनिशी नसलेल्या पुड्या बांधून देण्याची सवय इतरत्र खपून जाते. कुस्तीगिराच्या बाबतीत ती त्याची चार वर्षे खाऊ शकते, कारण शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी प्रथम खेळाडूचीच मानतात.

वजनाची वेळ बदलल्यामुळे धोका कमी झालेला नाही, हेही लक्षात घ्यावे. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वजन कुस्तीच्या दिवशी सकाळीच होते आणि अंतिम फेरीतील मल्लांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर चढावे लागते. पूर्वी रात्रभर खाऊन-पिऊन थोडे सावरता येत असे, आता दोन-तीन तास मिळतात. तेवढ्यात पोटात पाणी भरता येईल, पण स्नायूंतील साठा भरून येण्यास दिवस लागतो. पॅरिस येथे ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट यांचे वजन ५० किलो गटात १०० ग्रॅम अधिक भरले आणि सुवर्णपदकाच्या कुस्तीआधी त्या अपात्र ठरल्या, हे साऱ्या देशाने पाहिले. आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकल्यानंतर रात्रभर व्यायाम, उष्णस्वेद, शेवटी केससुद्धा कापणे, हे सर्व करूनही ते १०० ग्रॅम उतरले नाहीत. तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती नियमाच्या क्रौर्याची. इतक्या मोठ्या मल्लाला आपल्या नैसर्गिक वजनाच्या इतके खाली का उतरावे लागले, या प्रश्नाला फारसे कोणी हात घातला नाही. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवून कांस्यपदक मिळविले, त्याचे मात्र कौतुक झाले. ते कौतुक ऐकूनच पुढच्या हंगामातील मुले आपल्याकडे येतात. एक उदाहरण यशस्वी झाले म्हणजे ती कृती निर्दोष ठरत नाही, हे वैद्याला तरी समजावून सांगण्याची गरज नसावी.

तांबड्या मातीच्या मैदानात वजनकाटा नव्हता. जोड वस्तादांच्या नजरेने लागत असे. मल्लाचा घाम तेव्हाही गळत होता, हौदा खणताना गळत होता, जोर-बैठकांत गळत होता, पण त्यामागून बदामाची थंडाई, दूध, तूप आणि दुपारची झोप येत असे. अतिस्विन्नाला सांगितलेला मधुर-स्निग्ध-शीत विधी तालमीने, ग्रंथ न वाचता, नित्यक्रमात बसविला होता. काटा गादीबरोबर आला. तो यावयासच हवा होता, कारण पन्नास किलोच्या मुलाला सत्तर किलोच्या मुलाशी लढविणे अन्यायाचे आहे. पण काटा आला आणि थंडाई पेल्यातून निघून गेली, असे निदान हंगामापुरते झाले आहे.

वैद्याचे खरे काम शैक्षणिक वर्षाच्या आरंभी आहे, जूनच्या अखेरीस किंवा जुलैत. मुलगा पाणी पिऊन, पोटभर जेवणाऱ्या अवस्थेत असताना त्याचे वजन घ्यावे, सार आणि संहनन पाहावे, मेद मोजावा, मूत्र पाहावे, आणि वस्ताद व शारीरिक शिक्षण संचालक यांच्यासमवेत बसून वजनगट ठरवावा. ज्याच्या अंगावर खरोखर मेद आहे त्याला गुरु आणि अपतर्पण आहार देण्यास आपल्या हाती चार महिने असतात. जव, मूग, ताक, मध, उद्वर्तन ही साधने कोणाही वैद्यास परिचित आहेत, आणि आठवड्याला एक किलोच्या आत राहून ते काम उत्तम होते, मांसधातूला धक्का लागत नाही. ज्याच्या अंगावर मेद नाहीच, त्याला खाली उतरवू नये, वरच्या गटात बल वाढवावे. बल सहज असते, कालज असते, आणि युक्तिकृतही असते. युक्तिकृत बल हा आपला प्रांत आहे.

खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलो गटात लढले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलो गटात लढले आणि कांस्यपदक घेऊन आले. वर चढले म्हणूनच पदक मिळाले असे म्हणणे धाडसाचे होईल, मध्ये चार वर्षांची मेहनत होती. तथापि वरच्या गटात गेलो की संपलो, ही जी भीती आज तालमीतालमीत आहे, तिला हे एक उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

संघटनेच्या येत्या कार्यकारिणीसमोर माझी विनंती अशी आहे की संघात निवड झाल्यापासून स्पर्धा संपेपर्यंत कोणत्याही कुस्तीगिरावर वजन उतरविण्यासाठी सार्वदेहिक स्वेदन, विरेचन, वमन किंवा मूत्रल योग वापरणार नाही, असा ठराव सभासदांनी करावा. दुखावलेल्या खांद्याला पोटळीचा शेक देण्यास यात अडथळा नाही, हे सांगावयास नको. आणि विद्यापीठांच्या क्रीडा विभागांना पत्र लिहून जुलैमध्ये तालुकावार विनामूल्य तपासणीची तयारी आपण दाखवावी. नुसता नकार दिला तर तो मुलगा दुसऱ्या दारात जाईल, म्हणून हे दुसरे काम पहिल्याइतकेच आवश्यक आहे.

यात किंमत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. गेल्या जुलैत एक विद्यार्थी माझ्याकडे आला. आदल्या वर्षी तो ६५ किलो गटातून अखिल भारतीय स्पर्धेला गेला होता. आता वजन ६८.५ किलो होते आणि अंगावर उतरविण्याजोगा मेद नव्हता. मी ७० किलो गट सुचविला, वस्तादांनी बऱ्याच चर्चेअंती मान्य केले. आंतरमहाविद्यालयीन अंतिम कुस्तीत तो एका गुणाने हरला आणि विद्यापीठाच्या संघात आला नाही. ६५ किलोत ज्याची निवड झाली, त्याला याने आदल्या वर्षी हरविले होते. त्याचे वडील दवाखान्यात येऊन मला एवढेच म्हणाले, "डॉक्टर, तुमच्यामुळे पोराचं एक वर्ष गेलं." माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलगा मागच्या आठवड्यात खांदा दाखवावयास आला होता. शेक झाल्यावर आपण होऊन काट्यावर उभा राहिला. ६९.८ किलो भरले. नोंदवहीत लिहून ठेवा म्हणाला, मी लिहून ठेवले आहे.